धागा: खाजगी नोकरीतला भेदभाव – कायदा नेमका कुठे लागतो आणि कागद कसे ठेवायचे (काजू, कोळंबी, हॉटेल, एमआयडीसी)

कुडाळचा_एचआर:
२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि तेव्हापासून कारखानदारांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक वाक्य फिरतंय: "१९७६ चा समान वेतन कायदा रद्द झाला." अर्धंच खरं आहे. कायदा रद्द झाला, बंधन राहिलं. ते आता वेतन संहिता २०१९ च्या कलम ३ मध्ये आहे. एकाच मालकाकडे तेच किंवा त्याच स्वरूपाचं काम करणाऱ्यांत लिंगावरून वेतनात फरक करता येत नाही. भरती करताना आणि नोकरीच्या अटी ठरवतानाही करता येत नाही. शिवाय बरोबरी साधण्यासाठी कुणाचा चालू दर खाली आणायचा नाही, हेही त्याच कलमात लिहिलंय. पुरुषाचा दर कापून "आता सारखं झालं" म्हणता येणार नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच युनिटं लहान आहेत. मालक, एक सुपरवायझर आणि हिशेब बघणारा, एवढाच कारभार. एचआर म्हणून वेगळा माणूस नसतो, त्यामुळे भेदभाव हेतूने कमी आणि जुन्या दरपत्रकातून जास्त होतो. कुठला कायदा कुठे लागतो आणि रोजच्या कामात काय बदलायचं, हे इथे तपशिलात लिहूया. आपापले अनुभव नकोत. कलम, आकडा, पद्धत यावर बोलू.

वकील_रत्नागिरी:
चांगला विषय. आधी पाया. खाजगी मालकाला सगळ्या प्रकारच्या भेदभावाबद्दल जाब विचारणारा एकच कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेची कलमं १४, १५(१) आणि १६ सरकारला बांधतात, काजूच्या कारखान्याला थेट नाही. खाजगीत जे आहे ते तुकड्यातुकड्यांनी आहे. लिंगासाठी वेतन संहिता. बाळंतपणासाठी सामाजिक सुरक्षा संहिता २०२०. दिव्यांगांसाठी २०१६ चा कायदा. एचआयव्हीसाठी २०१७ चा, लागू १० सप्टेंबर २०१८ पासून. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा. अस्पृश्यतेसाठी १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. वय, धर्म, प्रांत यांवरून खाजगी मालकाने नोकरी नाकारली तर सरळ बोट ठेवता येईल असं सर्वसाधारण कलम नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

काजूगर:
दरपत्रकापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त भानगड तिथेच आहे.

काजू युनिटात कामाची रांग साधारण अशी: बी उकडणे, कटिंग, गर वाळवणे, सोलाई, ग्रेडिंग, पॅकिंग. उकडणे आणि गोणी हलवणे पुरुषांकडे, कटिंग मिश्र, सोलाई-ग्रेडिंग जवळजवळ सगळं बायकांकडे. उकडणाऱ्याला दिवसाचा रोज, कटिंग-सोलाईला किलोवर दर. मग विचारलं की उत्तर ठरलेलं: "कामं वेगळी, दर वेगळे."

संहितेची कसोटी कामाच्या नावाची नाही. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी या चार गोष्टी, सारख्या परिस्थितीत. आणि फरक असलाच तर तो नोकरीच्या अटींच्या दृष्टीने व्यवहारात महत्त्वाचा आहे का, हे बघायचं. म्हणून प्रत्येक कामासाठी एक पान करा. कटिंगला टरफलातला चीक हाताला भाजतो, अख्खा गर निघायला हात बसावा लागतो, तुकडा पडला तर मालाचा भाव पडतो. ग्रेडिंगला १८०, २४०, ३२० (एका पौंडात किती गर बसतात तो आकडा) हे प्रकार डोळ्याने वेगळे काढायचे, चुकलं तर पूर्ण डबा परत येतो. बॉयलरजवळ उष्णता आणि ओझं. हे सगळं लिहून काढलं की पुष्कळदा दिसतं की ग्रेडिंगची जबाबदारी गोणी हलवण्यापेक्षा जास्त आणि रोज मात्र कमी. तो फरक कशासाठी, याचं उत्तर कागदावर देता येत नसेल तर दर बदलायची वेळ आली.

दुसरं, एकाच कटिंग टेबलावर बाप्या आणि बाई यांना वेगळा दर असेल तर त्यात तपासण्यासारखं काही नाही. तो सरळ भंग आहे.

मिरकरवाडा:
@काजूगर, कोळंबीच्या शेडला हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. सोलायला फक्त बायका, एकही पुरुष नाही. मग तुलना करायची कुणाशी?

वकील_रत्नागिरी:
या युक्तिवादाला सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये उत्तर दिलंय. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा. मुंबईची जहाज कंपनी. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडच्या गोपनीय लघुलेखिका सगळ्या बायका, त्यांना बाकीच्या पुरुष लघुलेखकांपेक्षा पगार कमी. कंपनी म्हणाली त्या जागेवर पुरुष नाहीतच, युनियनशी करारही झालाय, आणि वाढीव पगार परवडत नाही. न्यायालयाने तिन्ही मुद्दे फेटाळले. त्या जागी फक्त बायका आहेत कारण व्यवस्थापनाने त्यांनाच तिथे बसवलं, आणि ऐपत नाही ही सबब चालणार नाही. तेव्हा तुलना सोलाईच्या टेबलापुरती थांबत नाही. त्याच शेडमध्ये बर्फ मारणारा, ट्रे भरणारा, प्लेट फ्रीजरवरचा हेल्पर यांच्या कामाशी ती करता येते. काम खरंच वेगळ्या स्वरूपाचं ठरलं तर फरक टिकेल. पण "फक्त बायका आहेत" एवढ्यावर टिकणार नाही.

काजूगर:
किलोच्या दरात आणखी एक गोम आहे. सरकारने त्या कामाला किमान तुकडादर ठरवला नसून वेळेचा दर ठरवला असेल, तर तुकड्यावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. वेतन संहितेचं कलम १२. बी बारीक आली की किलोला नग वाढतात, तेवढ्याच वेळात वजन कमी भरतं आणि बाईचा दिवस किमान वेतनाखाली जातो. वजनवहीत फक्त किलो लिहिलेले असतात, तास नसतात, म्हणून ते कुणाला दिसतच नाही. वजनवहीला "आली" आणि "गेली" असे दोन रकाने वाढवा. दोन आठवड्यांचं वजन भागिले तास केलं की खरा ताशी दर निघतो. तो किमान दराच्या खाली असेल तर फरक त्याच महिन्यात भरा.

लोटे_परशुराम:
मोठ्या युनिटांत मूळ पगार सारखा दाखवतात आणि फरक भत्त्यात लपवतात. प्रवासभत्ता, घरभाडं, ओव्हरटाइम. वेतनाच्या व्याख्येतून हे भत्ते एरवी बाहेर असतात, पण समान वेतन तपासताना प्रवासभत्ता, घरभाडं, निवाड्याने किंवा कराराने मिळणारी रक्कम आणि ओव्हरटाइम हे चारही आत घ्यायचे, असं व्याख्येतच म्हटलंय. म्हणून दर सहा महिन्यांनी पगारपत्रक हुद्द्यानुसार लावून एकूण रकमेवर बघा, मूळ पगारावर नको. ओव्हरटाइम कुणाला मिळतो तेही पाहा. नेहमी त्याच चार मुलांना बोलावलं जात असेल तर ओव्हरटाइमचा दर सारखा असूनही फरक पडतोच.

हापूस_पेटी:
ठेकेदाराच्या माणसांचं काय? आंब्याच्या कॅनिंगला एप्रिल ते जूनमध्ये अर्धी माणसं ठेक्यावरची. कंपनीच्या पुरुषाला एक पगार, ठेकेदाराच्या बाईला दुसरा.

वकील_रत्नागिरी:
इथे कलम ३ मधले "एकाच मालकाकडे" हे शब्द आडवे येतात. कंपनीचा पुरुष आणि ठेकेदाराची बाई यांची थेट तुलना या कलमाखाली कठीण. पण संहितेच्या व्याख्येत ठेकेदारही मालकच आहे, म्हणून त्याच्या स्वतःच्या हजेरीपटावर गड्याला एक आणि बाईला दुसरा दर चालत नाही. ठेकेदाराने वेतन थकवलं तर आस्थापनेच्या मालकाला ते भरावं लागतं. म्हणून ठेक्याच्या करारात दोन ओळी घाला: दरपत्रकात स्त्री-पुरुष असे रकाने नसतील, आणि बिलासोबत बँकेतून जमा केलेल्या पगाराची यादी येईल. "लेबर ८० नग" असं बिल मंजूर करू नका.

लोटे_परशुराम:
यावर माझं मत जरा कडक आहे. फक्त कमी दर साधायचा म्हणून सोलाई किंवा पॅकिंग ठेक्यावर काढणं कायद्यात बसवता आलं तरी करू नये. वाद झाला की ठेका कागदोपत्रीच होता का, हा पहिला प्रश्न येतो. माणसांना कामाचे हुकूम तुमचा सुपरवायझर देत असेल, रजाही तोच मंजूर करत असेल, तर उत्तर द्यायला अवघड जातं.

तारकर्ली_स्टे:
भरतीबद्दल लिहा कुणीतरी. हॉटेलांच्या जाहिराती अजून "रिसेप्शनला मुलगी पाहिजे, वय २५ पर्यंत, दिसायला स्मार्ट" आणि "मॅनेजर पाहिजे, पुरुष" अशाच असतात.

कुडाळचा_एचआर:
दोन्ही जाहिराती अडचणीच्या. त्या त्या कामाला बाईला मनाई किंवा मर्यादा कायद्यानेच घातली असेल तरच अपवाद, आणि आता व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ ने सगळ्या आस्थापनांत सगळ्या प्रकारच्या कामावर स्त्रियांना घेता येतं. त्यामुळे "पुरुष हवा" याला आधार फारसा उरलेला नाही. जाहिरातीत काम लिहा: रात्री दहापर्यंत थांबावं लागेल, दुचाकी चालवता यायला हवी, वीस किलोचा सिलिंडर सरकवावा लागेल. ज्याला जमेल तो येईल. वयाला कलम नाही हे वर आलंच आहे, पण वयाची अट फक्त मुलींनाच घातली की ती लिंगावरची अट होते.

मुलाखतीत "लग्न कधी?", "मूल लहान आहे का?" हे प्रश्न फक्त मुलींना विचारले गेले तर प्रश्न विचारणं हाच पुढे पुरावा होतो. नीरा माथुर प्रकरणात, १९९१ मध्ये, एलआयसीच्या फॉर्ममध्ये पाळी आणि गरोदरपणाबद्दलचे रकाने होते. ते काढून टाका, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. अजूनही कित्येक ठिकाणी इंटरनेटवरून उतरवलेल्या जुन्या अर्जात तसेच रकाने सापडतात. आजच आपला अर्ज उघडून बघा.

निवडीचं पान साधं ठेवा. चार निकष आधी ठरवा, प्रत्येकाला पाचपैकी गुण, मुलाखत संपताच भरून तारखेसह सही. दुसऱ्या दिवशी भरलेलं पान आणि तक्रार आल्यावर भरलेलं पान यांत फरक कळतो. वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि पाच वर्षांत दुसऱ्यांदा तोच गुन्हा झाला तर शिक्षा वाढते, म्हणून ही पानं पाच वर्षं ठेवा.

पॅरामेडिक_चिपळूण:
नोकरीआधीच्या तपासणीबद्दल एक भर. लॅबवाले "प्री-एम्प्लॉयमेंट पॅकेज" देतात त्यात कधी कधी एचआयव्ही चाचणी घुसडलेली असते. २०१७ च्या कायद्याने नोकरीची अट म्हणून ही चाचणी करता येत नाही. मालकाने मागितली नसली तरी अहवाल त्याच्या टेबलावर आला की गुप्ततेचा प्रश्न उभा राहतो. लॅबला लेखी कळवा की ही चाचणी वगळा आणि आमच्याकडे फक्त "कामास योग्य / अयोग्य / अटींसह योग्य" एवढाच दाखला पाठवा. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितलंय की माणूस कामाला शारीरिकदृष्ट्या योग्य असेल तर केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारता येत नाही, आणि तो माणूस कायम नव्हे, कॅज्युअल मजूर होता. १०० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आरोग्यसंस्थेत २० पासून.

मिरकरवाडा:
बाळंतपणाची रजा हा खरा खिळा आहे. २६ आठवड्यांच्या भीतीने तरुण बायकांना घेतच नाहीत.

कुडाळचा_एचआर:
भीतीतला मोठा भाग माहिती नसल्यामुळे आहे. जिथे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे आणि पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे, तिथे २६ आठवड्यांचे पैसे ईएसआय देतं, मालक नाही. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५, आणि तो पुरुष असला तरी भरायचाच आहे. म्हणजे बाई घेतली म्हणून खर्च वाढत नाही. फक्त आधीच्या दोन लागोपाठ वर्गणी-कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. घोळ तिथे होतो: मालक नाव उशिरा नोंदवतो किंवा निम्मे दिवस दाखवतो, मग ईएसआय नाकारतं आणि बाई मालकाच्या दारात उभी राहते. ईएसआयबाहेर असेल तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की मालक देणार. दोन किंवा अधिक मुलं हयात असतील तर १२ आठवडे.

हंगामी कामात ७५ दिवसांवर नाव कापून पंधरा दिवसांनी परत घेतात, ते थांबवा. हजेरीत असे खंड फक्त बायकांच्या नावापुढे दिसले की हेतू सांगावा लागत नाही. पगारी सुट्टी आणि ले-ऑफचे (काम नाही म्हणून तात्पुरतं थांबवल्याचे) दिवसही ८० मध्ये मोजले जातात, हे विसरू नका.

मिरकरवाडा:
त्याला जोडून मासेमारी बंदी. १ जून ते ३१ जुलै शेड थंड असते. बायकांना घरी पाठवतात, पुरुषांना "मेंटेनन्स"ला ठेवतात. ऑगस्टला बायका नव्याने लागलेल्या दाखवल्या की त्यांची ज्येष्ठता गेली. रंगकाम, ट्रे धुणं, जाळ्या साफ करणं, यादी घालणं यातलं बरंचसं बायकाही करतात. कामांची यादी मे महिन्यातच लावून ज्येष्ठतेने विचारावं. ज्यांना थांबवलं त्यांना ले-ऑफ दाखवा, नोकरी संपली असं दाखवू नका.

हापूस_पेटी:
बरोबर असा. पाळणाघराचं पण सांगा.

लोटे_परशुराम:
५० कर्मचारी झाले की पाळणाघर. पन्नास बायका नव्हे, पन्नास माणसं. आईला दिवसातून चार वेळा जाता आलं पाहिजे, विश्रांतीची वेळ धरून. अनेक आस्थापना मिळून एक सामाईक पाळणाघर चालवू शकतात, हे संहितेत स्पष्ट आहे. एमआयडीसीत शेजारच्या चार युनिटांनी मिळून एक केलं तर खर्च वाटला जातो. रासायनिक वसाहतीत जागा निवडताना वाऱ्याची दिशा आणि टँकरचा रस्ता आधी बघा.

रात्रपाळीबद्दलही लिहितो. संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ आधी बाईची संमती लागते. बोटी रात्री लागल्या की कोळंबी थांबत नाही, त्यामुळे शेडला हा रोजचा विषय. नेमणूकपत्रासोबतच छापील संमती घेऊन ठेवायची पद्धत मला पटत नाही. पाळीच्या महिन्याआधी संमती घ्या, ती मागे घ्यायची सोय ठेवा, घरापर्यंत गाडी द्या. आणि नाही म्हणणारीला दिवसपाळीतून कमी करू नका, कारण मग संमतीला अर्थ उरत नाही.

सावंतवाडी_७:
दिव्यांगांबद्दल: २० किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेला समान संधी धोरण करावं लागतं, त्यात दिव्यांगांना योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, सोयीसुविधा, बदली-रजेची तरतूद आणि संपर्क अधिकाऱ्याचं नाव असतं. प्रत आयुक्तांकडे नोंदवायची, आपल्याकडे पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. न केल्यास पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंड, पुढे ५० हजार ते ५ लाख. धोरण कुठूनतरी उचलून लावू नका. ग्रेडिंगच्या टेबलाची उंची, रॅम्प, कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी भोंग्याबरोबर दिवा, असं आपल्या जागेचं लिहा.

हापूस_पेटी:
जात आणि परप्रांतीय राहिले.

वकील_रत्नागिरी:
जातीबद्दल लोक समजतात तेवढं हात बांधलेले नाहीत. नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ४ अस्पृश्यतेवरून कुणाला नोकरीत अडवणं गुन्हा ठरवतं, आणि हे खाजगी माणसालाही लागू आहे. कलम १२ महत्त्वाचं: पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेवरूनच झालं असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध करणं समोरच्यावर. हॉटेलच्या स्वयंपाकघरात "अमक्याला आत घेऊ नका, बाहेरचं काम द्या" असं सांगितलं जातं, तिथे हे लागतं. कॅन्टीनला वेगळे कप ठेवणं त्याहून सरळ गुन्हा.

गावकीने एखादं घर वाळीत टाकलं आणि त्यातल्या माणसाला कामावरून काढा असा निरोप आला तर तो मानायचा नाही. सामाजिक बहिष्कारबंदीचा २०१६ चा राज्य कायदा २०१७ पासून लागू आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निरोप कुणी, कधी आणला ते लिहून ठेवा.

परप्रांतीयांबद्दल थेट भेदभावबंदी नाही. पण किमान वेतन प्रत्येकाला सारखंच लागतं. नेपाळी खलाशी किंवा बागेतला गुरखा राहतो-खातो म्हणून किमान वेतनाखाली रोख द्यायची, ही रीत टिकत नाही. उलट बाजूला, राज्याच्या उद्योग प्रोत्साहन योजनेत स्थानिकांच्या ८० टक्क्यांची अट आहे. ती सवलतींशी जोडलेली आहे, तिचा अर्थ बाहेरच्याला कमी पगार असा नव्हे. हरियाणाने खाजगी नोकऱ्यांत ७५ टक्क्यांचा कायदाच केला होता. तो तिथल्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला.

तारकर्ली_स्टे:
आणि तक्रार आलीच तर पहिल्या आठवड्यात काय करायचं?

कुडाळचा_एचआर:
तक्रार तोंडी असली तरी तारीख, वेळ, शब्द लिहून घ्या आणि त्या व्यक्तीला वाचून दाखवा. त्याच दिवशी संबंधित महिन्यांचे हजेरीपट, वजनवही, पगारपत्रक, पाळीचे तक्ते यांच्या प्रती काढून मूळ कागद कुलपात ठेवा. यानंतर कुणी खाडाखोड केली तर ती मालकावर उलटते, कारण वेतन दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी संहितेने मालकावरच टाकलीय. २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती असायलाच हवी, तिला ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो आणि त्यात बायकांचं प्रमाण कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी नसावं. तक्रार लैंगिक छळाची असेल तर ती या समितीकडे न्यायची नाही. १० किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती, त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, चौकशी ९० दिवसांत.

सगळ्यात जास्त नुकसान पुढच्या दोन आठवड्यांत होतं. सुपरवायझर तक्रार करणारीची पाळी बदलतो, तिला हलक्या कामावर टाकतो, ओव्हरटाइम बंद करतो. मूळ तक्रार कच्ची असली तरी हा बदल पक्का पुरावा होतो. म्हणून पहिल्याच दिवशी लेखी सूचना काढा: चौकशी संपेपर्यंत तिची पाळी, जागा, दर यांत बदल मालकाच्या सहीशिवाय होणार नाही.

फरक निघाला तर लगेच भरा. कमी वेतनाला पहिल्यांदा ५० हजारांपर्यंत दंड आहे, पाच वर्षांत पुन्हा झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दाव्यात रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईही लावता येते. 

काजूगर:
भरताना फक्त तक्रार करणारीचा फरक भरू नका. त्या टेबलावरच्या सगळ्यांचा काढा, तीन वर्षांचा, बँकेतून द्या, आणि पावतीवर महिना, तास, जुना दर, नवा दर असे चार रकाने ठेवा. "सर्व हिशेब पूर्ण, यापुढे काही मागणी नाही" असं छापून अंगठे घेऊ नका. कायद्याने दिलेला हक्क अशा कागदाने जात नाही.

हापूस_पेटी:
आमचं दरपत्रक हंगामाआधी, फेब्रुवारीतच नव्याने लावायला हवं असं दिसतंय. कामाच्या पानांचा नमुना कुणाकडे असेल तर इथे टाका: पेटी भरणं, आडी लावणं (आंबा पिकत घालणं), झेल्याने (जाळीच्या काठीने) उतरवणं, वजन, एवढ्या चार कामांचा पुरे.

काजूगर:
चार कामांचा टाकतो. उतरवण्याच्या पानावर झाडाची उंची आणि पडण्याचा धोका वेगळा लिहा, तिथे जास्त दर टिकतो. पण झाडावर चढायला तयार असलेल्या बाईलाही तोच.